यादीत नसलेलं औषध

ज्योत्स्नाला शिवी चालायची, थापा मारणारा माणूसही एखादवेळ चालायचा. पण कुणी 'कायदेशीर' हा शब्द छाती पुढं काढून उच्चारला की तिचं डोकंच फिरायचं. आणि गंमत बघा, गेली दोन वर्षं तो शब्द तिच्या घरात आणत होता तिचा स्वतःचा बाप.

"अगं, कायदेशीर हाय ते. सायबांनी कागूद दावलाय मला."

साहेबांनी कागद दावला आणि श्रीपतीनं तो पाहिला. झालं, संपलं! कागद वकिलाचा, इंग्रजीतला, आणि श्रीपतीचं शिक्षण सही करण्यापुरतं. पण साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून कागद दाखवला होता, त्याला तेवढं पुरलं. एकोणीस वर्षं तो लोणावळ्यात, तुंगार्लीच्या अंगाला, सुहास साहेबांच्या बंगल्याचा केअरटेकर होता. मंगळवारी तेवढा लोकलनं कान्ह्याला घरी यायचा, बायकोच्या हातचं जेवायचा आणि बुधवारी परत. बासष्ट वर्षांचा माणूस, आणि साहेब त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तरी साहेब त्याला 'ए श्रीपती' म्हणायचे आणि हा 'जी साहेब' म्हणायचा. ज्योत्स्नाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

लोणावळ्यातल्या बंगल्यांची एक रीत आहे. मालक शनिवारी येणार, रविवारी संध्याकाळी जाणार. मधल्या दिवसांत जे काय येईल-जाईल ते केअरटेकरच्या नावावर. गॅस त्याच्या नावावर, वायफाय त्याच्या नावावर, कुत्र्याला सुई टोचली तर तिचं कार्डसुद्धा त्याच्या नावावर. बंगला तेवढा मालकाच्या नावावर. याच रीतीनं परदेशातून येणारी पाकिटंही श्रीपतीच्या नावावर यायला लागली. त्या पाकिटांत असायचे नखाएवढे कागदाचे तुकडे. साहेब त्यांना 'औषध' म्हणायचे, म्हणून श्रीपतीही औषधच म्हणायचा.

आता हा सुहास काही गुंड-बिंड नव्हता. गुंड परवडला असता, त्याला निदान आपण गुंड आहोत हे ठाऊक असतं. हा पुण्याच्या एका औषध कंपनीत विक्रीच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. पन्नाशीला नोकरी सोडली, बंगल्याच्या गच्चीत डोंगर बघत बसला, आणि त्याला जगाचं भलं करायची हौस आली. दर शनिवारी दहा-बारा माणसं यायची, पांढरे कपडे घालून गाद्यांवर आडवी व्हायची, जिभेवर एकेक कागद ठेवायची आणि 'अंतर्यात्रा' करायची. बागेत सिमेंटचं बुद्धाचं डोकं होतं. नुसतं डोकं! त्याच्या पायथ्याशी, म्हणजे पाय नव्हतेच, हनुवटीशी, यात्रेकरू सिगारेटी विझवायचे. दर सोमवारी श्रीपती ती थोटकं वेचायचा, डोकं ओल्या फडक्यानं पुसायचा आणि हात जोडायचा. त्याच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून घरात पंचशील म्हटलं जायचं, आणि नशेपासून दूर राहायचं ते पाचवं शील श्रीपतीनं जन्मभर काटेकोर पाळलं होतं. दारू सोडाच, तंबाखूची चिमूटसुद्धा नाही. म्हणून त्यानं साहेबांना एकदा भीत भीत विचारलं होतं, "साहेब, ही नशा न्हवं ना?" साहेब म्हणाले होते, "छे रे, औषध आहे. कायदेशीर."

ज्योत्स्ना औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. टाकव्याच्या रस्त्याला गोळ्यांचा कारखाना आहे, तिथं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी बापाच्या तोंडून पाकिटांची गोष्ट निघाली, तशी ती तडक बंगल्यावर जाऊन थडकली.

साहेबांनी तिला बसवलं, काळा चहा दिला आणि कागदी रुमालावर चित्र काढायला घेतलं. शिकवायची हौस दांडगी! "हे बघ, एलएसडी बंदी घातलेल्या नशांच्या सरकारी यादीत आहे, मान्य. पण हे एलएसडी नाही. हा त्याचा चुलत भाऊ. रेणू जवळपास तोच, फक्त इथं हे बारकं शेपूट जोडलंय. दिसलं? शेपूट आलं की नाव बदललं, आणि हे नाव यादीत नाही. कायदा यादीवर चालतो."

"आणि पोटात गेल्यावर?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पोटात काय?"

"शेपूट राहतं का?"

साहेब हसले. हुशार विद्यार्थी भेटल्यावर मास्तर हसतो तसे. "शरीरात ते गळतं, अर्थातच. म्हणून तर परिणाम होतो."

"मग खाली उरतं काय? एलएसडीच ना? म्हणजे जिभेवर ठेवेपर्यंत चुलत भाऊ आणि रक्तात गेला की सख्खा!"

"पोलीस रक्त नाही जप्त करत, ज्योत्स्ना. पाकीट जप्त करतात." आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी चहाचा घोट घेतला.

ज्योत्स्नाचं त्या रेणूशी काही भांडण नव्हतं. तिनं वाचलं होतं: मेंदूत सेरोटोनिनची जी कुलपं असतात, त्यांतल्या काहींना हे नेमकं बसतं, दारूसारखं व्यसन लागत नाही, बाहेरच्या देशांत डॉक्टर लोक उदास रुग्णांवर त्याचे प्रयोग करतात. पण ते आधी माणसाला तपासतात, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात, शेजारी बसून राहतात. इथं काय होतं? इथं मिसळ खाल्ल्यावर गादीवर आडवं व्हायचं.

"तुम्ही विचारता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"फॉर्म भरून घेतो आम्ही."

तिनं फॉर्म बघायला मागितला. त्यात जन्मवेळ होती, रास होती, 'तुम्ही स्वतःला कोणत्या प्राण्यात पाहता' असा प्रश्न होता. गोळ्यांचा रकाना नव्हता. ज्योत्स्ना म्हणाली, "वा! एखादा ससा लिहून गेला तर त्याला काय, गाजर देता?"

साहेबांचा चेहरा आखडला. "तू गोळ्या तपासतेस ना? ते कर. हा विषय मोठा आहे."

"बरं, मोठा तर मोठा. मग पाकिटं तुमच्या नावावर मागवा."

"मी इथं असतो कुठं? आणि श्रीपती काय परका आहे? घरचाच आहे."

घरचाच! एकोणीस वर्षं झोपायला स्वयंपाकघरामागची खोली, आणि म्हणे घरचा. ज्योत्स्ना चहा तसाच टाकून उठली. घरी येऊन तिनं बापावर आकाशपाताळ एक केलं. "तुमचा साहेब लबाड आहे, तुम्हाला काही कळत नाही, सोडा ती नोकरी." श्रीपती मान खाली घालून ऐकत राहिला आणि बुधवारी लोकल पकडून परत गेला. त्याला शेपटाचं, यादीचं, पोटात काय होतं त्याचं ती काहीच बोलली नाही. बोलून उपयोग काय? आबांना काय कळणार? असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते तिला पटलंही. पोलिसांत जावं म्हटलं, तर पाकिटावर नाव बापाचं. तेव्हा ती गप्प बसली आणि आतल्या आत जळत राहिली.

ऑगस्टातल्या एका शनिवारी गौरव नावाचा पुण्याचा तरुण अंतर्यात्रेला आला. कंपनीत चांगल्या नोकरीला होता आणि मनाच्या आजारासाठी दोन वर्षं लिथियमच्या गोळ्या घेत होता. लिथियम आणि ही असली द्रव्यं एकत्र आली तर माणसाला आकडी येऊ शकते, हे वाचायला पाच मिनिटं लागतात. पण फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं, आणि त्यानं गरुड लिहिला होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला गरुड गादीवरून खाली पडला आणि हातपाय झाडायला लागला.

"ही प्रक्रिया आहे," साहेब बाकीच्यांना म्हणाले. "कुणी हात लावू नका."

श्रीपती ट्रे घेऊन दारात उभा होता. त्यानं ट्रे खाली ठेवला, उभ्या जन्मात पहिल्यांदा साहेबांचं ऐकलं नाही, आणि पोराला कुशीवर वळवलं. शेजारच्या बंगल्याच्या ड्रायव्हरला हाका मारून गाडी आणवली आणि ज्योत्स्नाला फोन लावला. ती म्हणाली, "आबा, त्याच्या बॅगेत गोळ्या असतील त्या बरोबर घ्या. आणि डॉक्टरला सगळं सांगा. काय खाल्लं, कधी खाल्लं, एक अक्षर लपवू नका."

पाच मिनिटांत साहेबांचा तिलाच फोन. "ज्योत्स्ना, तू जरा श्रीपतीला समजाव. डॉक्टरला जेवणातून काहीतरी झालं म्हणायचं."

"का हो? कायदेशीर आहे ना?"

फोन बंद झाला.

पोरगं वाचलं. तीन दिवस दवाखान्यात काढले, पण वाचलं. दवाखान्यानं नियमाप्रमाणं पोलिसांना कळवलं आणि रविवारी सकाळी फौजदार राजेंद्र बंगल्यावर आले. साहेब पहाटेच 'महत्त्वाच्या कामासाठी' पुण्याला रवाना झाले होते. राहिला कोण? घरचा माणूस. फौजदारांनी विचारलं, "काय कागद-बिगद असतात म्हणे इथं?" श्रीपतीनं स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पितळी डबा काढून दिला. "हे बघा की, सायबांचं औषध. म्या नीट ठिवलंय." वर पाकिटंही दिली, सगळी त्याच्या नावाची. पंचनाम्यात लिहिलं गेलं: श्रीपतीच्या ताब्यातून, श्रीपतीच्या नावे आलेलं.

साहेबांच्या वकिलानं दुपारपर्यंत ते इंग्रजी मत चौकीवर पाठवलं, की हा पदार्थ यादीतच नाही. फौजदारांनी ते वाचलं, डोकं खाजवलं आणि डबा सील करून सरकारी प्रयोगशाळेत धाडला. श्रीपतीला म्हणाले, "अहवाल येईपर्यंत तालुका सोडायचा नाही."

ज्योत्स्नानं अमली पदार्थांचा कायदा रात्रभर बसून वाचला होता. एरवी पोलिसांनी गुन्हा सिद्ध करायचा असतो; या कायद्यात उलटं. ज्याच्याकडे सापडलं त्यानंच दाखवायचं की मला माहीत नव्हतं. आणि यादीतलं निघालं तर शिक्षा वर्षांत मोजायची. बासष्टीतला माणूस तुरुंगातून केव्हा बाहेर येणार, येणार की नाही, हा हिशेब तिनं मनात एकदाच घातला आणि पुन्हा घातला नाही.

पुढच्या रविवारी साहेब आपण होऊन कान्ह्याला आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! श्रीपतीनं घाईघाईनं खुर्ची पुसली. साहेबांनी फाईल उघडून दोन कागद काढले. पहिल्या कागदावर ज्योत्स्नानं तज्ज्ञ म्हणून लिहून द्यायचं होतं की हा पदार्थ यादीतला नाही. दुसऱ्यावर श्रीपतीची सही हवी होती. ज्योत्स्नानं तो मोठ्यानं वाचला: "सदर पाकिटे मी माझ्या मानसिक शांतीसाठी, वैयक्तिक वापराकरिता मागवली होती."

ज्योत्स्नाची आई चिमाबाई चुलीपाशी होती, ती तिथनंच कडाडली. "आगं बया! ह्यांनी सांजच्याला च्या घ्येतला तर रात्रभर टक्क जागं असत्यात, आन् म्हनं मानसिक शांतीला कागूद खात्यात!"

"मावशी, ही नुसती पद्धत असते," साहेब म्हणाले. "वस्तू कायदेशीर आहे. मग ती कुणाच्याही नावावर असली तर काय बिघडतं?"

"बरोबर," ज्योत्स्ना म्हणाली. "काहीच बिघडत नाही. मग तुमच्याच नावावर लिहा."

साहेब तिच्याकडं न बघता श्रीपतीकडं वळले. "श्रीपती, माझ्या नावावर आलं की पेपरात येईल. तुझं कोण छापतंय? लॅबमध्ये काही सापडणार नाही, चार दिवसांत मिटेल. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"हाय की, साहेब," श्रीपती म्हणाला आणि खिशातलं पेन चाचपायला लागला. ज्योत्स्नाला रडू यायचं बाकी राहिलं. एवढं झालं तरी हा माणूस पेन शोधतोय!

"फक्त एक सांग," साहेब म्हणाले. "कागद कोरडे होते ना? ओल नव्हती ना लागली?"

झालं! श्रीपतीच्या कामावर शंका. तो ताठ बसला. "साहेब, लोणावळ्याच्या सादळीत मिठाचं पानी व्हतं, चपलंला बुरशी धरती, पर तुमचा एक कागूद म्या सादळू दिला न्हाई. पयल्या पावसाळ्यात पाकिटावर काळं ठिपकं आलं व्हतं. तवापासनं डब्यात कळीचा चुना पसरायचा आन् कागूद त्याच्यावरच मांडायचं. चुना वल वढून घेतो. भिजला की बदलायचा. तीन वर्सं करतोय."

 ज्योत्स्नाला जे हसू फुटलं ते आवरेचना. साहेबांची खुर्ची, साहेबांची फाईल, वकिलाचा कागद, सगळ्याचं तिला हसू आलं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचं ते शेपूट! ते गळायला पोट लागत नाही. ओल आणि चुना मिळाला तरी गळतं. चुना म्हणजे अल्कली, तुम्ही कंपनीत एवढी वर्षं होता, ठाऊक असेल. पावसाळाभर कागद चुन्यावर निजलेत. डब्यात चुलत भाऊ ठेवला होतात, आता सख्खा निघणार! सरकारी लॅबच्या अहवालात एलएसडीच येईल बघा. घाला आता तुमच्या वकिलाचं मत चुलीत!"

तिला वाटलं, आपण जिंकलो. दोन वर्षांचा राग एका दमात बाहेर पडला होता. साहेब मात्र घाबरले नव्हते, विचार करत होते.  आयुष्यभर माल खपवलेला माणूस तो. त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी मागवलं ते कायदेशीरच होतं."

"हो, पण..."

"थांब. मी मागवलं ते यादीत नव्हतं. यादीतला पदार्थ तयार झाला तो इथं, डब्यात. चुना कुणी घातला? श्रीपतीनं. मला विचारून घातला का? नाही." त्यांनी टिचकी वाजवली. "म्हणजे बेकायदेशीर पदार्थ बनवला श्रीपतीनं."

 बाहेर कान्हे स्टेशनात लोकल थांबल्याचा आवाज आला आणि ती निघूनही गेली.

"म्या बनवला, साहेब?" श्रीपती म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.  बाळगणं वेगळं आणि बनवणं वेगळं. आणि हे हत्यार त्याच्या हातात दिलं कुणी? तिनंच. हसायची खाज तिला आली होती, शहाणपण तिला मिरवायचं होतं. आपल्या जिभेची तिला अशी शिसारी आली की ती जीभ तिनं दातांखाली चावून धरली.

आणि मग तिला साहेबांच्या बोलण्यातले दोन शब्द ऐकू आले. 'मी मागवलं.' दोन वर्षं ज्या वाक्यासाठी ती जळत होती, ते हा माणूस आता दर दोन मिनिटांनी उड्या मारत म्हणत होता.

"साहेब," ती म्हणाली, आणि हा आवाज तिलाच ओळखू आला नाही इतका मऊ होता, "तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे."

"आहेच!"

"पण मी सांगून कोण ऐकणार? मी त्यांचीच मुलगी. तुम्ही जाणकार, तुम्ही लिहून दिलंत तर वजन पडेल. आणि अहवाल यायच्या आत दिलं पाहिजे, नंतर दिलं तर सारवासारव वाटेल."

साहेबांनी पेन काढलं. श्रीपतीच्या सहीसाठी आणलेला कागद त्यांनी स्वतःच चुरगाळून खिशात टाकला, कारण आता तो आड येत होता. कागद साहेबांनीच दिले हे सांगायला यात्रेकरू होतेच; पाकिटं श्रीपतीची म्हटलं तर 'मी यादीबाहेरचंच मागवलं' हे सांगता आलं नसतं, सगळं मुसळ केरात. चिमाबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून पुढं आली. "जोत्स्ने, काय चाललंय तुजं? बापाला अडकावती व्हय?"

"तू गप्प बस, आई."

 श्रीपती नुसता लेकीकडं बघत होता. ती नजर ज्योत्स्नाला सहन होईना, आणि सांगताही येईना. तिनं मान फिरवली.

"आमच्या तपासणीत मूळ मालापासून सुरुवात करतात," ती साहेबांना म्हणाली. "माल कुणी मागवला, कुठून, कधीपासून, येताना तो काय होता. तेवढं पक्कं असलं की पुढं बिघडला कुठं ते सिद्ध होतं."

साहेब भराभरा लिहीत गेले. अक्षर सुरेख होतं. मी मागवला. मी पैसे भरले. मी पाहुण्यांना दिला. मी खात्री करून घेतली होती की तो यादीत नाही. श्रीपती यास त्यातले काही ठाऊक नव्हते. त्याने अज्ञानाने चुना वापरला व पदार्थाचे रूप बदलले. 'अज्ञानाने' या शब्दावर ते जरा थांबले आणि त्याखाली त्यांनी रेघ मारली. खाली झोकदार सही केली.

"अज्ञानानं हे मी त्याच्या भल्यासाठी घातलंय," ते म्हणाले. "शिक्षा कमी होईल."

"तुमचे उपकार आहेत," ज्योत्स्ना म्हणाली.

दुपारी बाप-लेक साहेबांच्याच गाडीतनं लोणावळ्याला चौकीवर गेले. फौजदार राजेंद्रांनी कागद एकदा वाचला, मग चष्मा लावून दुसऱ्यांदा वाचला.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं. आणि त्यामागचं शास्त्र असं आहे की..."

"शास्त्र राहू द्या. सही तुमची?"

"हो."

"तीन वर्षं तुम्ही मागवत होता, तुम्हीच लोकांना देत होता, आणि या बाबांना काही ठाऊक नव्हतं. बरोबर?"

"कायदेशीर होतं हो ते!"

"ते कोर्ट बघेल. मी एवढंच विचारतोय, तुमचं होतं ना?"

 माणूस बेअक्कल नव्हता. कागदात काय लिहून बसलो ते साहेबांना तेव्हा समजलं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलायला हात पुढं केला, पण फौजदारांनी त्यावर पेपरवेट ठेवला होता. "वकिलाला बोलवा," फौजदार शांतपणे म्हणाले. "आज तुम्ही इथंच थांबताय."

साहेबांनी ज्योत्स्नाकडं पाहिलं. "तू मला फसवलंस."

"मी? तुम्ही लिहिलंत त्यात एक अक्षर खोटं आहे का सांगा. आणि असं काय घाबरताय? यादीत नाही ना ते?"

मग फौजदार तिच्याकडं वळले. चुन्यानं खरंच असं होतं का, ते त्यांनी विचारलं. ती म्हणाली, होऊ शकतं, किती झालंय ते प्रयोगशाळा सांगेल. त्यांनी ते लिहून घेतलं.

"शेपूट गळतं हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"साहेबांना. त्यांनीच मला दोन वर्षांपूर्वी चित्र काढून दाखवलं होतं."

"म्हणजे तुम्हालाही. आणि बाबांना?"

"नाही."

"त्यांना कुणीच सांगितलं नाही?"

 "कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

फौजदारांनी तेही लिहिलं. श्रीपतीचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, बोलावलं की यायचं असं बजावलं आणि सोडलं.

बाप-लेक स्टेशनाकडं चालत निघाले. ज्योत्स्नाला वाटलं, आबा काहीतरी म्हणतील. चांगलं केलंस, नाहीतर निदान लय आगाव हायेस.  पण रस्त्यातच थांबून त्यानं विचारलं, "जोत्स्ना, खरं सांग. त्या पोराला आकडी आली ती माज्या चुन्यानं व्हय?"

सकाळपासनं हा माणूस हेच उरावर घेऊन बसला होता! तिला भडभडून आलं. तिथंच, मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं बापाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. की सरकारनं बंदी घातलेलं एक द्रव्य आहे. त्याला एक तुकडा जोडला की त्याचं नाव बदलतं आणि ते यादीतून सुटतं. तो तुकडा पोटात गेला की गळून पडतो आणि बंदीवालंच उरतं. चुन्यानं जे केलं ते पोराच्या पोटानं केलंच असतं. आकडी आली ती त्याच्या चालू गोळ्यांमुळं, आणि त्या कुणी विचारल्या नाहीत म्हणून.

श्रीपतीनं नीट ऐकलं. एकदाच मधे विचारलं, "म्हंजे वरनं नाव दुसरं, आन् आत त्येच?" ती म्हणाली, हो. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मंग हे मला दोन वर्सांमागं सांगायचं व्हतंस की, पोरी," श्रीपती म्हणाला. "नशाच हाय म्हनून कळलं असतं, तर म्या पाकीट दारातनंच माघारी धाडलं असतं."

 श्रीपती पायरीवरून उठला, धोतराची धूळ झटकली आणि तिकीट काढायला पुढं गेला.